‘रस्ता तर मोकळाच होता!’ : वाचकांचे प्रश्न

मोटार चालवताना ज्या सवयींमुळे अपघात होतात त्यांविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागील अंकात केले होते. कागलपासून शिरोळपर्यंत आणि राधानगरीपासून इचलकरंजीपर्यंत कोल्हापूर जिल्ह्याच्या सर्व भागांतून पत्रे आली. बहुतेक पत्रांतील तक्रार दुसऱ्याच्या गाडीविषयी आहे. स्वतःच्या चालवण्याविषयी विचारणारे वाचक थोडे. त्या थोड्यांपैकी एकाला येथे पहिली जागा दिली आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून कोणाचेही नाव छापलेले नाही.

प्रश्न : वीस-बावीस वर्षे मी मोटार चालवतो आणि आजवर गाडीला साधा ओरखडाही आलेला नाही. कामानिमित्त कागलहून साताऱ्याला वरचेवर जावे लागते. रस्ता मोकळा असेल तर मी शंभर-एकशे दहाचा वेग ठेवतो. गाडी नवी आहे, एबीएस आहे, सहा एअरबॅग आहेत. मुलगा मात्र ‘पप्पा, हळू’ म्हणून सारखा मागे लागतो. माझे नेमके काय चुकते? — एक कारखानदार, कागल

उत्तर : आपला हात चांगला असेल, पण गाडी थांबायला जे अंतर लागते ते हाताच्या सफाईने कमी होत नाही. समोर अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाऊन ब्रेक प्रत्यक्ष लागेपर्यंत सर्वसाधारण चालकाचा एक ते दीड सेकंद जातो. ताशी ८० किलोमीटर वेग असेल तर दीड सेकंदात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते आणि कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर करकचून ब्रेक दाबल्यावर आणखी सुमारे ३६ मीटर जाऊन ती थांबते. म्हणजे एकूण ७० मीटरच्या घरात. वेग १०० असेल तर हेच अंतर ९८ मीटरच्या आसपास जाते. वेग पाव हिश्शाने वाढला आणि थांबण्याचे अंतर मात्र चाळीस टक्क्यांनी वाढले, कारण ब्रेक लागल्यानंतर गाडी जेवढी घसटत जाते ते अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पावसात ओल्या रस्त्यावर हे आकडे याहून पुष्कळ मोठे होतात.

याच हिशेबाची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. दोन मोटारी शेजारीशेजारी चालल्या आहेत, एक ८० ने आणि दुसरी १०० ने, आणि दोन्ही चालकांना रस्ता ओलांडणारी म्हैस एकाच क्षणी दिसली, असे समजा. दोघांनीही सारख्याच तत्परतेने ब्रेक दाबला. ८० ची गाडी ज्या ठिकाणी जेमतेम उभी राहते, त्या ठिकाणी १०० ची गाडी अजून ताशी ७० किलोमीटरच्या वेगाने जात असते. एकाचा नुसता श्वास अडकतो आणि दुसऱ्याची गाडी चेपते, एवढा फरक स्पीडोमीटरवरच्या वीस आकड्यांत आहे.

एबीएसविषयी बराच गैरसमज दिसतो. चाके जखडू न देणे आणि ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येईल असे ठेवणे, हे त्याचे काम. थांबण्याचे अंतर त्यामुळे फारसे घटत नाही, आणि पसरलेल्या खडीवर किंवा वाळूवर तर ते उलट वाढूही शकते. एअरबॅगचा उपयोग धडक झाल्यानंतरचा आहे.

राहिला मोकळ्या रस्त्याचा मुद्दा. पुणे-बंगळूर महामार्ग दिसायला मोकळा असला तरी तो बंदिस्त नाही. गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटली की दुचाकींचा लोंढा महामार्गालगत येतो, सेवारस्त्याचा वळसा टाळण्यासाठी त्यांतील काही जण सरळ उलट्या दिशेने निघतात, आणि कागल-सातारा टप्प्यात सहापदरीकरणाचे काम निघाल्यापासून कालपर्यंत सरळ असलेला रस्ता आज बॅरिकेड लावून दुसरीकडे वळवलेला आढळतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले, त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांपैकी ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या सदराखाली नोंदले गेले. अपघाताची नोंद करताना ‘अतिवेग’ हा रकाना भरायला सोपा असतो हे मान्य केले, तरी एवढा मोठा आकडा नुसत्या लेखणीच्या सोयीने तयार होत नाही.

बावीस वर्षांत ओरखडा आला नाही याचे श्रेय काही अंशी आपले आणि काही अंशी समोरच्यांचे आहे. आपण वेगात असताना त्यांनी वेळेवर बाजू दिली, ते दोन सेकंद थांबले, किंवा म्हैस जरा उशिरा रस्त्यावर आली. चुकलेली सवय दररोज निभावून जाते, म्हणूनच ती चूक वाटेनाशी होते, आणि माझ्या मते नवशिक्यापेक्षा सराईत चालकाला याचा धोका अधिक आहे. कागल ते सातारा हे अंतर सुमारे १३० किलोमीटर धरले तर १०० ऐवजी ८० ने गेल्यास वीस मिनिटे जास्त लागतात, तीही मध्ये टोलनाक्यावर किंवा ट्रकांच्या रांगेत थांबावे लागले नाही तर. पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवावे हे पाहायचे असेल तर ती गाडी एखादा खांब किंवा फलक ओलांडते तेव्हापासून मनात सेकंद मोजावेत. आपण त्या खांबाशी तीन सेकंदांच्या आत पोहोचत असू तर अंतर कमी आहे. पावसात हे सेकंद दुप्पट करावेत. या अंतरात मधूनच कोणीतरी कट मारून शिरणार, हे गृहीत धरावे आणि पुन्हा मागे सरकावे.

प्रश्न : राधानगरी रस्त्यावर पुढचा ट्रकवाला उजवा इंडिकेटर देऊन ‘या पुढे’ अशी खूण करतो. कधी डावा इंडिकेटर देऊनही हेच सांगतात. त्या खुणेवर भरवसा ठेवून ओव्हरटेक करावे काय? आमच्याकडे ट्रकवाल्याच्या मागे पाच मिनिटे थांबले तरी गाडीतली मंडळी ‘आता काढा की पुढं’ म्हणून मागे लागतात. — एक शिक्षक, राधानगरी

उत्तर : नाही. इंडिकेटरचा नियमातील अर्थ एकच, तो म्हणजे वाहन त्या बाजूला वळणार किंवा सरकणार आहे. उजवा इंडिकेटर लावलेला ट्रक एखाद्या वेळी खरोखरच उजवीकडच्या फाट्याला किंवा पेट्रोल पंपाकडे वळणार असतो, आणि नेमक्या त्याच वेळी आपण त्याच्या उजव्या अंगाला जाऊन पोहोचतो. खूण प्रामाणिक असली तरी ट्रकवाला पाहतो ते त्याच्या उंच केबिनमधून दिसणारे चित्र. आपल्या गाडीत किती दम आहे, तिच्यात किती माणसे बसली आहेत आणि ती किती वेळात पुढे निघेल, याचा त्याला अंदाज नसतो. त्याची खूण ही फार तर माहिती समजावी, परवानगी समजू नये.

ओव्हरटेकला लागणाऱ्या जागेचा अंदाज बहुतेकांचा चुकतो, म्हणून एकदा कागदावर हिशेब करून पाहावा. एसटी ५० च्या वेगाने चालली आहे आणि आपण ७० ने तिच्या पुढे जाणार आहोत. बसची लांबी ११-१२ मीटर, बाहेर निघताना मागे २० मीटर आणि परत आपल्या बाजूला येताना पुढे २० मीटर सोडले, तर तिच्यापेक्षा आपल्याला सुमारे ५२ मीटर जास्त जायचे आहे. वेगातील फरक ताशी २० किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटरचा; याचा अर्थ आपण नऊ-साडेनऊ सेकंद समोरच्याच्या बाजूला असतो. तेवढ्या वेळात आपण १८० मीटर पुढे जातो आणि समोरून ७० नेच येणारी जीपही १८० मीटर जवळ येते. म्हणजे निघण्याआधी समोर निदान ३६० मीटर रस्ता स्वच्छ दिसला पाहिजे, आणि चूक सावरायला म्हणून त्यावर थोडी भर हवी. राधानगरी किंवा गगनबावडा रस्त्यावर दोन्ही अंगांना ऊस उभा असताना एवढा सरळ रस्ता एका नजरेत कितीदा दिसतो, ते आपण जाता-येता पाहावे.

यात आणखी एक घातक प्रकार आहे, ज्याला फारसे कोणी धोका समजत नाही. पुढची मोटार एसटीला ओव्हरटेक करायला निघते आणि तिच्या मागोमाग, तिच्या आडोशाने, दुसरी मोटार निघते. पहिल्या चालकाने समोरचा रस्ता पाहिलेला असतो. दुसऱ्याने फक्त पहिल्याचा मागचा दिवा पाहिलेला असतो. समोरून गाडी आली की पहिला आत शिरतो आणि त्याच्यासाठी रिकामी असलेली जागा तो व्यापतो, तेव्हा दुसऱ्याला ना पुढे जागा उरते ना मागे. वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीच्या, जीपगाड्या एकमेकींच्या मागे याच पद्धतीने धावतात आणि त्यांचा कित्ता घरच्या गाड्यांचे चालकही गिरवतात.

रस्त्याच्या मध्यभागी अखंड रेषा आखलेली असेल तेथे, तसेच पूल, वळण, चढाचा माथा आणि फाटा या ठिकाणी ओव्हरटेक करायचेच नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये बेकायदा ओव्हरटेक, उलट्या दिशेने वाहन चालवणे, लाल दिवा ओलांडणे आणि हातात मोबाइल धरून चालवणे यांचा धोकादायक चालवण्यात स्पष्टपणे समावेश आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गाडीतील मंडळींना मात्र कलम न सांगता एवढेच सांगावे, की स्टिअरिंग ज्याच्या हातात आहे त्यालाच समोरचे दिसते, आणि गाडी कधी काढायची ते तोच ठरवील.

प्रश्न : माझा ट्रॅक्टर हंगामात कारखान्याला ऊस ओढतो. रात्री मोटारवाले मागून येऊन ट्रॉलीला धडकतात आणि दोष आम्हाला देतात. आमची डबल ट्रॉली ताशी पंधरा-वीसच्या वर जात नाही. जो मागून येऊन धडकतो तोच चुकीचा नाही का? — एक ट्रॅक्टरमालक, शिरोळ

उत्तर : आपला मुद्दा निम्मा बरोबर आहे, आणि तो निम्मा भाग आधी मोटारवाल्यांना सांगतो. डिप्परच्या, म्हणजे खाली झुकवलेल्या दिव्याच्या, उजेडात साधारण ४०-५० मीटरपर्यंतचाच रस्ता नीट दिसतो. वर दिलेल्या हिशेबाप्रमाणे ६० च्या वेगाने चाललेली गाडी थांबायला ४५ मीटर आणि ८० च्या गाडीला ७० मीटर लागतात. म्हणजे डिप्परवर ८० ने जाणारा चालक जे अजून दिसलेलेच नाही त्यावर आपली गाडी घालत असतो. त्या अंधारात पंक्चर झालेली ट्रॉली उभी असेल तर ती दिसेपर्यंत ब्रेकची वेळ निघून गेलेली असते. त्यात समोरून कोणी अप्पर, म्हणजे लांबवर उजेड टाकणारा दिवा, लावून आला तर त्याची गाडी निघून गेल्यावरही काही सेकंद डोळ्यांपुढे अंधारी राहते. त्या सेकंदांत वेग कमी करायचा आणि नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवायची, एवढेच चालकाच्या हातात असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत शिरोळ, हातकणंगले, करवीर, कागल या पट्ट्यात रात्री गाडी चालवणाऱ्याने पुढे कुठेतरी ट्रॉली असणारच, असे धरूनच चालवावे.

आता उरलेला निम्मा भाग आपल्यासाठी. मागचा दिवा नसलेली, किंवा असूनही लोंबणाऱ्या उसाखाली झाकलेली ट्रॉली रात्रीच्या काळोखात काळोखाचाच भाग होऊन जाते. परावर्तक पट्ट्या हंगामाच्या सुरुवातीला लावलेल्या असतात, पण महिनाभरात त्यांवर चिखल आणि धूळ बसून त्या उजेड परतवेनाशा होतात. प्रत्येक खेपेआधी ओल्या फडक्याने त्या पुसायला एक मिनिट पुरते. पुढच्या ट्रॉलीवरच्या पट्टीचा मागून येणाऱ्याला काही उपयोग नाही; शेवटच्या ट्रॉलीच्या मागच्या फळीवर दोन्ही टोकांना पट्टी हवी, म्हणजे ट्रॉली किती रुंद आहे तेही कळते. ट्रॅक्टरवर मोठ्याने गाणी लावली की मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही, हेही सांगायला हवे, कारण हंगामात रस्त्याने जाताना पाहण्यापूर्वी ट्रॅक्टर ऐकू येतो अशी स्थिती आहे.

सर्वांत वाईट सवय दगडांची. चाक पंक्चर झाले किंवा ॲक्सल तुटला की ट्रॉलीभोवती रस्त्यावर मोठे दगड मांडतात, कोणी उसाची मोळी ठेवतो. दुरुस्ती झाली की ट्रॉली निघून जाते आणि दगड तेथेच राहतात. पहाटे दुचाकीवरून दूध घालायला निघालेल्या माणसाला ते दिसत नाहीत. त्याऐवजी लाल परावर्तक त्रिकोण वापरावा, तो ट्रॉलीच्या बुडाशी न ठेवता मागे पन्नासएक पावलांवर ठेवावा आणि निघताना उचलून न्यावा. कायद्याच्या दृष्टीने विचाराल तर मागून धडकणारा दरवेळी एकटाच दोषी ठरतो असे नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण दोन्ही बाजूंचा निष्काळजीपणा पाहून जबाबदारीची वाटणी करू शकते, आणि दिवा नसलेली ट्रॉली रस्त्यात उभी करणे हा निष्काळजीपणाच आहे.

प्रश्न : माझे यजमान गाडी चालवताना फोन हातात घेत नाहीत, स्पीकरवर बोलतात. त्यामुळे धोका नाही असे त्यांचे म्हणणे आहे. खरे आहे का? — एक गृहिणी, राजारामपुरी

उत्तर : पोलिसांच्या दृष्टीने फरक आहे, मेंदूच्या दृष्टीने फारसा नाही. कायद्यात हातात धरलेल्या फोनचा उल्लेख आहे, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे फोन वापरणाऱ्या चालकाला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो आणि हँड्स-फ्री फोन हातातल्या फोनपेक्षा फारसा सुरक्षित नाही. शेजारी बसलेला माणूस समोर कुत्रे आडवे आले की आपणहून बोलायचा थांबतो. फोनवरच्या माणसाला कुत्रे दिसत नाही, तो वसुलीची थकबाकी विचारतच राहतो. हिशेबाचे, भांडणाचे किंवा काळजीचे बोलणे चालू असताना डोळे रस्त्यावर असतात, पण पाहिलेले मनात उतरत नाही, आणि ताराराणी चौकातला सिग्नल लाल झाला हे चालकाला शेजारच्या गाडीने ब्रेक लावल्यावर कळते.

मेसेज वाचणे तर याहून वाईट. ८० च्या वेगाने जाताना दोन सेकंद मान खाली घातली तर गाडी ४४ मीटर आंधळी धावते. नकाशा पाहायचा असेल तर फोन स्टँडवर लावून पत्ता निघण्यापूर्वी भरावा आणि वाटेत फक्त आवाज ऐकावा. यजमानांना एक सोपी गोष्ट सुचवावी : गाडीत आपण शेजारी असाल तर फोन आपण उचलावा आणि ‘पोहोचल्यावर बोलतील’ असे सांगावे. धंद्याची माणसे यामुळे तुटत नाहीत.

प्रश्न : मागच्या सीटवर बेल्ट लावायची खरोखर गरज असते का? गणपतीपुळ्याला जाताना धाकटी नात माझ्या मांडीवर पुढेच बसते, तिला बाहेरचे बघायला आवडते. — एक आजोबा, शाहूपुरी

उत्तर : उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात जो अपघाती मृत्यू झाला, त्या वेळी ते मागच्या सीटवर बसले होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. गाडी महागडी होती. धडकेत गाडी थांबते, आतला माणूस आधीच्याच वेगाने पुढे जात राहतो. मागचा माणूस पुढच्या सीटवर आदळतो आणि पुढे बसलेल्याचाही जीव धोक्यात घालतो. त्या वर्षी देशात बेल्ट न लावल्यामुळे १६,७१५ जण दगावल्याची नोंद आहे आणि त्यांतील जवळजवळ निम्मे चालक नव्हते, प्रवासी होते.

नातीला पुढे मांडीवर बसवणे आजच बंद करावे. ५० च्या वेगाने धडक झाली तर दहा किलो वजनाच्या मुलाचा ओढा क्षणभर दोनशे किलोच्या आसपास जातो. कितीही घट्ट धरले तरी हात सुटतात, आणि ती आपल्या व एअरबॅगच्या मध्ये सापडते. लहान मुलांसाठीची सीट मागे बसवून तिच्यात तिला बांधावे. दोन दिवस रडेल. खिडकीतून बाहेरचे तेथूनही दिसते.

प्रश्न : करूळ घाट उतरताना गाडी न्यूट्रल केली तर डिझेल वाचते असे आमच्याकडचे जुने ड्रायव्हर सांगतात. मी तसेच करतो, पण घाट संपताना ब्रेक दाबल्यावर पाय खोल गेल्यासारखा वाटतो. — एक वाचक, गगनबावडा

उत्तर : पाय खोल जाणे ही शेवटची सूचना आहे, ती समजावी. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा अटकाव सुटतो आणि गाडीचे सगळे वजन ब्रेकवर येते. सतत दाबून ठेवलेले ब्रेक तापतात, लाइनरची पकड कमी होते, आणि ब्रेक ऑइल जुने होऊन त्यात पाण्याचा अंश शिरला असेल तर ते उकळून वाफ धरते. वाफ दाबली जाते, म्हणून पाय खाली जातो आणि चाकाला जोर पोहोचत नाही. लाइनर जळल्यासारखा वास आला की रुंद जागा पाहून थांबावे आणि ब्रेक आपोआप गार होऊ द्यावेत. तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नये. काही जण याहून पुढे जाऊन इंजिनच बंद करतात. तसे केले की पॉवर स्टिअरिंग जड होते आणि दोन-तीन वेळा दाबल्यावर ब्रेकचा बूस्टरही निकामी होतो.

डिझेल वाचण्याची गोष्ट जुन्या इंजिनांच्या काळातली आहे. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात, गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उताराला इंधनाचा पुरवठाच बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन लागत राहते. म्हणजे जीव धोक्यात घालून आपण डिझेल वाचवत नाही, जाळतो. जो घाट ज्या गिअरवर चढतो तो त्याच गिअरवर उतरावा, हा जुन्याच ड्रायव्हरांचा दुसरा नियम आहे आणि तो आजही बरोबर आहे. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय असते, ती वापरावी. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यायची असते, हा नियम मात्र पावसाळी रविवारी घाटात येणाऱ्या पर्यटकांना कोणीतरी सांगायला हवा.

प्रश्न : दिवसभर दुकान करून रात्री अकराला मुंबईला निघतो, म्हणजे सकाळी माल घेता येतो. झोप आली की काच खाली करतो, तोंडावर पाणी मारतो. एवढे पुरते का? — एक व्यापारी, इचलकरंजी

उत्तर : पुरत नाही. गार वारा आणि पाणी यांनी पाच-दहा मिनिटे बरे वाटते, झोप जात नाही. सलग १७ तास जागे असलेल्या माणसाची प्रतिक्रिया १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे प्रयोगांत आढळले आहे, आणि आपल्याकडे कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. सकाळी सहाला उठलेले आपण रात्री अकराला गाडी सुरू करता, म्हणजे एक थेंबही न घेता त्या अवस्थेत पावणेचारशे किलोमीटरच्या प्रवासाला निघता. पहाटे दोन ते सहा या वेळेत शरीर झोप मागतेच. तीन-चार सेकंदांची डुलकी चालकाला स्वतःला कळतही नाही. अशा अपघातांत रस्त्यावर ब्रेकची खूणही बहुधा उमटलेली नसते. उपाय दोनच : दुसरा चालक घ्यावा किंवा आधी झोपून मग निघावे. वाटेतच डोळे मिटू लागले तर ढाब्यावर गाडी लावावी, कॉफी घ्यावी आणि वीस मिनिटे झोपावे. जाग येईपर्यंत कॉफीचा अंमल सुरू झालेला असतो. दुपारी दोन ते चार ही वेळही अशीच वाईट आहे, आणि जोतिबा-पन्हाळ्यावर तांबडा-पांढरा रस्सा ओरपून लगेच उतरायला लागणाऱ्यांनी ती विशेष लक्षात ठेवावी.

प्रश्न : चौकातून सरळ जायचे असेल तर चारही इंडिकेटर लावावेत का? — एक विद्यार्थिनी, कसबा बावडा

उत्तर : नाही. ते दिवे उभ्या, अडचणीतल्या वाहनासाठी आहेत. बाजूने येणाऱ्याला आपल्या गाडीचा एकच कोपरा दिसतो आणि आपण वळतो आहोत असे त्याला वाटते. पावसात किंवा घाटातील धुक्यात चालत्या गाडीवर ते लावण्याचीही पद्धत पडली आहे, तीही चुकीची. तेथे डिप्पर लावावा आणि वेग कमी करावा.

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा आहे, हात छान बसला आहे. रंकाळ्यापर्यंत गाडी द्यायला काय हरकत आहे? — एक पालक, फुलेवाडी

उत्तर : मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. हात बसणे आणि रस्त्यावरच्या माणसांचा अंदाज येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रंकाळ्यावर संध्याकाळी फिरायला आलेल्या आजी, फुगेवाले आणि सायकल शिकणारी मुले असतात. शिकण्यासाठी त्याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. अठरा पूर्ण होऊ द्यावीत आणि शिकाऊ परवाना काढून सकाळच्या वेळी शेजारी बसून शिकवावे.

प्रश्न : महामार्गावर मागची गाडी अगदी चिकटून येते आणि सारखी अप्पर मारते. अशा वेळी वेग वाढवावा, की त्याला धडा शिकवण्यासाठी मुद्दाम हळू व्हावे? — एक वाचक, शिरोली

उत्तर : दोन्ही करू नये. वेग वाढवला तर तो तेवढाच जवळ येऊन आणखी वेगाने चिकटतो, आणि मुद्दाम ब्रेक दाबला तर धडक आपल्याच पाठीवर बसते. डावा इंडिकेटर देऊन डाव्या लेनमध्ये यावे आणि त्याला जाऊ द्यावे. डावीकडे लगेच जागा नसेल तर आपण पुढच्या गाडीपासूनचे अंतर वाढवावे, म्हणजे पुढे काही झाले तर आपल्याला ब्रेक हळूहळू लावता येतो आणि मागच्यालाही सावरायला वेळ मिळतो. आरशावर पडणारा उजेड डोळ्यांवर येत असेल तर आतल्या आरशाची खालची कळ ओढावी. बहुतेक गाड्यांत ती असते.

मात्र मागचा माणूस अप्पर मारतो तेव्हा आपण स्वतः विनाकारण उजव्या लेनमध्ये ठिय्या मांडून बसलो नाही ना, हेही पाहावे. उजवी लेन ओव्हरटेकची आहे. पुणे-बंगळूर महामार्गावर मालाने भरलेले ट्रक सर्रास उजवीकडून चालतात, म्हणून मोटारींना डावीकडून पुढे जावे लागते, आणि डावीकडून जाताना सेवारस्त्यावरून आत येणारी दुचाकी ट्रकच्या आड गेलेली असते. डावीकडून पुढे जाणे टाळता आलेच नाही, तर अशा जोडरस्त्याच्या तोंडाशी तरी ते करू नये.

(पुढील अंकासाठी दुचाकी चालवण्याविषयीचे प्रश्न पाठवावेत. हेल्मेटविषयी आलेली पत्रे त्या अंकासाठी राखून ठेवली आहेत.)